काळ्या कपड्याखालचा काटा

१८ जुलै १९६१, अमरावती

वाण्याच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांत लिहिते. ही वही ह्यांच्या हाती कधी पडत नाही. कुणाशी बोलावं तर शेजारी ते अर्ध्या तासात सगळ्या आळीत पसरवतात.

आज अकोल्याहून प्रदर्शन समितीचं पत्र आलं. वर 'श्री. कमलाकांत मास्तर, शास्त्र-शिक्षक' असं मानाने लिहिलं आहे आणि आत माफीपत्र टाईप करून पाठवलं आहे, फक्त सही करायची. 'मी सूर्यप्रकाशाच्या नावाखाली बॅटरी लपवून परीक्षकांची फसवणूक केली, त्याबद्दल दिलगीर आहे.' नाहीतर १६ सप्टेंबरला समितीपुढे हजर राहून तसंच यंत्र पुन्हा करून दाखवायचं. सही केली तर शास्त्राचे वर्ग जाणार. यंत्र दाखवलं नाही आणि सहीही केली नाही, तर नोकरी जाणार. हेडमास्तरांनाही नक्कल गेली आहे.

गेल्या वर्षी प्रदर्शनाला मी नव्हते, पण ऐकून ऐकून डोळ्यांपुढे उभं राहतं. ह्यांनी तांब्याच्या पत्र्याचा सेल केला होता. त्याच्यावर ऊन पडलं की वीज होते आणि यंत्राचा काटा आखलेल्या घरांवरून पुढे सरकतो. काटा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग समितीचे अध्यक्ष किसनराव यांनी सेलवर काळं कापड टाकलं. अंधारात काटा शून्यावर यायला हवा. तो तीन घरांवर उभाच राहिला! "मास्तर, तुमचा सूर्य झाकला तरी मावळत नाही," असं किसनराव म्हणाले आणि मंडप हसला. पत्रा फोडून आत दाखवा म्हणाले, तर हे 'माझ्यावर विश्वास नाही तर दाखवतच नाही' म्हणून घरी आले.

जेवताना मी म्हटलं, "आदल्या दिवशी मी किती मनोभावे पूजा केली होती त्या पत्र्याची. फूल वाहिलं, तीर्थ शिंपडलं. तरी देवानं असं का करावं?" तर हे भात तसाच टाकून उठले. मी कुठं चुकीचं बोलले?

२१ जुलै

सही करायची नाही असं ह्यांनी ठरवलं. जुन्या घंगाळाचे दोन पत्रे कापले. स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवायचे, मग हळूहळू थंड होऊ द्यायचे. वर काळी खपली येते, ती निघाली की खाली विटकरी लाल थर. त्या लाल थरावर शिशाची बारीक तार गोल गोल बसवायची, वर काच. मोठ्या पत्र्याला मी थोरला म्हणते, लहानाला धाकटा.

वलगावची माणिकबाई वांगी घेऊन आली ती दारातच थबकली. "वैनीबाई, मास्तर तांब्याच्या भाकरी भाजून राहिले काय? कोन खाईन त्या?"

"तुझे दात चांगले आहेत, तुलाच वाढते," मी म्हटलं. ती हसली. मग माझं तोंड पाहून टोपली खाली ठेवली. "काहून वं, काय झालं?" तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

३० जुलै

हे म्हणतात, वैरी एकच, ओल. हवेतली ओल आत शिरली की लाल थर हिरवा पडतो आणि सेल मरतो. म्हणून काचेच्या चारी कडा अशा बंद करायच्या की वाफेलाही वाट मिळू नये. ह्यांनी मेणबत्तीचं मेण लावलं. दुपारच्या उन्हात पघळून काच सरकली.

ह्यांचे हात कापतात हल्ली. खडू धरतानाही कापतात असं शाळेचा शिपाई पुंजाजी म्हणाला.

६ ऑगस्ट

"लोणच्याच्या बरण्या वर्ष वर्ष टिकतात तुझ्या. तूच बघ हे," असं आज ह्यांनी स्वतःहून म्हटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, शास्त्राच्या कामात मला पहिल्यांदा बोलावलं. पण अट घातली. हात कोरडे हवेत, आणि पत्र्याची पूजा करायची नाही. हळद नाही, कुंकू नाही, तीर्थ नाही. "काही म्हणजे काही नाही, प्रमोदिनी." नाव घेऊन बोलले म्हणजे फारच मनावर घेतलं आहे. मी हो म्हटलं. हात कोरडे करता येतात. देवाचं नाव न घेता आमच्या घरात आजवर चूलही पेटली नाही.

राळ वितळवून लावून पाहिली. काचेला घट्ट बसते, पण सकाळी पाहिलं तर खरवडीसारखी तडकलेली. माणिकबाई म्हणाली बिब्ब्याचं तेल लावा, त्याच्यातून पाणी जात नाही. लावलं. पाणी गेलं नाही हे खरं, पण माझ्या मनगटाला फोड आले. "मायबाई, हात नव्हता लावाचा वं!" हे ती फोड आल्यावर सांगते!

१३ ऑगस्ट

जमलं. माणिकबाईच्या घरच्यांनी आंब्यावरचं मोहोळ काढलं होतं, त्याचं मेण तिने दिलं. "मोहोयाचं हाय, अस्सल. दुकानातलं नोको लावू." तीन वाटे मेण, एक वाटा राळ, आणि तडकू नये म्हणून चमचाभर जवसाचं तेल. पाकासारखंच आहे. थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटाने दाबला तर दबायला हवा, तुटायला नको. काचेवर लावून उन्हात ठेवलं, पघळलं नाही. पाण्यात रात्रभर ठेवलं, आतला कागद सकाळी कोरडा.

हे कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत होते.

२० ऑगस्ट, रविवार

काट्याचं यंत्र शाळेचं. पुंजाजी रविवारीच चोरून आणून देतो आणि संध्याकाळी नेतो. आज ऊन होतं. मी नोंद केली ती अशी.

थोरला: उन्हात नऊ घरं. कापडाखाली शून्य.
धाकटा: उन्हात चार घरं. कापडाखाली शून्य.

धाकट्याच्या चारी कडा मी कालच बंद केल्या. थोरल्याचा एक कोपरा, जिथून तारा बाहेर येतात, तो उद्या बंद करायचा.

शून्य पाहून हे खाली जमिनीवर बसले. "न्यायचा थोरलाच," म्हणाले. "धाकट्याचा काटा लांबून दिसायचा नाही."

२१ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

हे शाळेत गेल्यावर मी थोरला घेऊन बसले. मेण वितळत होतं. सकाळीच महादेवाला बेल वाहून आले होते. मनात सारखं येत होतं, गेल्या वर्षी पूजा झाली तरी अपयश आलं, या वर्षी तर पूजाच नाही. मग काय होईल? ह्यांचा देवावरचा विश्वास उडाला आहे, त्याची शिक्षा ह्यांनाच होणार. मी बायको आहे. माझा विश्वास कुणासाठी ठेवायचा?

हात कोरडेच होते. मी अट मोडली नाही असं मी स्वतःला सांगते. तीर्थातलं बेलाचं पान, तीन दळांपैकी एकच, तेही नखाएवढं, उघड्या कोपऱ्यातून काचेखाली सरकवलं. वरून मेण ओतलं. बाहेरून काही दिसत नाही.

ह्यांना सांगितलं नाही. यश आल्यावर सांगेन.

२७ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. यंत्र आलं नाही. हे परसात विहिरीपाशी उभे होते, छत्री नाही, काही नाही. मी चार वेळा हाक मारली. शेवटी बाहेर जाऊन म्हटलं, "घागर भरून द्या हो, माझं मनगट दुखतंय." घागर भरून दिली. मग मी घागरीमागून घागर मागत राहिले. घरातली सगळी भांडी भरली, तेव्हा हे आत आले.

माफीपत्र टेबलावर, दौतीखाली. दौतीचं झाकण उघडं होतं. मी ते लावलं.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळी ऊन पडलं. पुंजाजी यंत्र घेऊन आला. थोरला उन्हात ठेवला आणि काटा अकरावर गेला. अकरा! नऊचे अकरा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात 'सांब सदाशिव' म्हणत होते. ह्यांच्या कपाळाला मात्र आठी. "वाढायचं काही कारण नाही," म्हणाले, आणि काळं कापड टाकलं.

काटा चारवर आला आणि तिथेच उभा राहिला.

पुंजाजी म्हणाला, "मास्तर, यंत्र बिघडलं असंन." ह्यांनी यंत्र धाकट्याला जोडलं. धाकट्यावर कापड टाकलं. काटा जवळजवळ शून्यावर, अर्ध्या घरावर. म्हणजे यंत्र ठीक होतं.

हे सुरी घेऊन आले. कोपऱ्याचं मेण खरवडलं, काच उचलली. पान होतं. अजून ओलं. त्याच्या भोवती तांब्यावर हिरवं कडं धरलं होतं.

हे ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन बोटांत पान धरून माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "हे निर्माल्यात टाक. पायदळी यायला नको."

नंतर मीच विचारलं, एवढ्याशा पानाने काय होतं? तेव्हा कपाटाच्या अंधारात मला करून दाखवलं. तांब्याचा तुकडा, शिशाची तार, मध्ये ओली चिंधी. उजेडाचा कण नाही, आणि काटा हलला. "दोन धातू आणि मध्ये पाणी. तीच बॅटरी. पाणी शिरलं की उन्हाचा सेल उरत नाही, बॅटरी होते."

ह्यांनी वर्गात मुलांना सांगावं तसं सांगितलं. राग नाही, काही नाही.

थोरला गेला. हिरवं खरवडलं तर लाल थरही निघाला.

४ सप्टेंबर

रात्रीपासून एकच विचार. पाणी शिरलं की बॅटरी होते. मग गेल्या वर्षी...

५ सप्टेंबर

हे शाळेत असताना त्यांची ट्रंक उघडली. सतरा वर्षांत कधी उघडली नव्हती. तळाशी धोतराच्या फडक्यात गेल्या वर्षीचा पत्रा. उघडलेला. काचेखाली कुंकवाचा डाग, भोवती हिरवं कडं, आणि तारेत अडकलेली वाळलेली पाकळी. सोबत ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी, 'उघडला, ९ ऑक्टोबर १९६०. कारण समजले.'

मला आता सगळं आठवतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काच नुसती टेकवलेली होती. फूल वर राहीना, घसरत होतं, म्हणून मी काच उचलून आत कुंकू वाहिलं आणि त्याची एक पाकळी ठेवली. वरून पळीभर तीर्थ. ह्यांनी संध्याकाळी घाईघाईत कडा चिकटवल्या.

म्हणजे ऑक्टोबरपासून ह्यांना माहीत आहे. गावात 'बॅटरी मास्तर' म्हणून पोरं ओरडतात तेव्हाही माहीत होतं. मी रोज देवापुढे बसून 'ह्यांना बुद्धी दे' म्हणत होते, तेही ऐकत होते.

संध्याकाळी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तू पूजा सोडली असतीस?"

"नसती सोडली."

"मग?" म्हणाले, आणि दिवा पुसायला घेतला.

आज देवापुढे बसले, पण काय म्हणायचं ते सुचलं नाही. नुसती बसले.

८ सप्टेंबर

धाकटाच आता. त्यातही ओल शिरते आहे, अर्धं घर. एका कडेला मेण आकसून केसाएवढी फट पडली होती, भिंग लावल्यावर दिसली. ती माझ्याच हातची. उघडून, वाळवून पुन्हा बंद करायचा. पण वाळवायचा कसा? चार दिवस सूर्य नाही. मिठाला पाणी सुटलं आहे, काड्यापेटी पेटत नाही. शेगडीवर धरावा तर शिसं वितळेल अशी ह्यांना भीती.

हे म्हणाले, "राहू दे. सही करतो. पाचवीच्या पोरांना शुद्धलेखन शिकवीन."

मी म्हटलं, "सोळा तारखेपर्यंत दौत मी माझ्या कपाटात ठेवते." आणि ठेवली. किल्ली कमरेला.

१० सप्टेंबर

माणिकबाईला विचारलं, तुम्ही बियाणं पावसात कोरडं कसं ठेवता? "राखीत ठेवतो. नाहीतं भट्टीचा चुना ठेवाचा डब्यात, न विझवलेला. तो सारी ओल पिऊन घेते." दुपारी पावसात भिजत परत आली, पदराखाली चुन्याची खडी, चार पदरी कापडात बांधलेली. स्वतः चिंब, चुना कोरडा.

"वैनीबाई, मास्तराले म्हना, जेवत जा. कालपासून पाहून राहिली, कसे दिसून राहिले." मग जाता जाता, "अन् तुमी बी."

डब्यात चुना, त्यावर वाटी, वाटीत धाकटा, झाकणाला कणीक. मी डब्याला हात जोडले नाहीत. जोडावेसे वाटले.

१३ सप्टेंबर

डबा उघडला. खडीचा भुगा झाला होता, म्हणजे ओल प्याली. काच कोरडी खणखणीत.

नेहमी असं मोठं काम मी आंघोळ करून ओलेत्यानं करते. आज सकाळपासून पाण्याला हात लावला नाही. कालचंच वाळलेलं लुगडं, पारोशी. दारं-खिडक्या लावल्या, शेगडी पेटवली, तासभर खोली तापू दिली. तोंडाला फडकं बांधलं, श्वासाचीही वाफ असते म्हणून. या वेळी मेणाचे तीन हात दिले, एक वाळला की दुसरा. देवघर तिथून दिसतं. मी पारोशी, तिकडे पाहायचीही लाज वाटत होती.

हे शेजारी बसून काच धरत होते. माझ्या कपाळाचा घाम काचेवर पडू नये म्हणून मध्येच हात पुढे करून पुसला.

कडेचा थेंब बोटाने दाबला. दबला, तुटला नाही.

१६ सप्टेंबर, अकोला

काल वसंतदादाकडे आलो. माझा थोरला भाऊ, इथे वकील आहे. मी बरोबर आले कारण प्रवासात मेण निघालं तर लावायला कुणी हवं. बसमध्ये धाकट्याची पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आज सकाळी आभाळ भरलेलं. शाळेच्या एका वर्गात खिडकीशी टेबल मांडलं होतं. किसनराव, दोन सभासद, आणि अमरावतीहून मुद्दाम आलेले आमचे हेडमास्तर. मला खिडकीबाहेर बाकावर बसवलं. सगळं ऐकू येत होतं, थोडं दिसतही होतं. ह्यांनी धाकटा समितीच्या यंत्राला जोडला.

कापड टाकलं. शून्य. काढलं. आभाळातून जो काय उजेड येत होता त्याने काटा एक घर सरकला. एकच.

"एवढंच?" हेडमास्तर म्हणाले.

किसनरावांनी हात वर केला. चष्मा काढून पुसला, खाली वाकले. स्वतःच्या हाताने कापड टाकलं. शून्य. काढलं. एक. टाकलं, काढलं. किती वेळा केलं कुणास ठाऊक. एकदा स्वतःची टोपी काढून तीच टाकली. काटा गेला. टोपी उचलली, काटा आला. दुसरे सभासद म्हणाले, "अहो, पुरे आता." ते ऐकेनात.

मग सरळ उभे राहून म्हणाले, "हे खरं आहे. पण मग गेल्या वर्षीचं काय होतं? ते तीन घर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, मास्तर. आज खरं दाखवलं म्हणून त्या दिवशीचं खरं होत नाही. पत्रा फोडू काहून नाही दिला?"

"दमट हवा," हे म्हणाले.

"भर उन्हात?"

किसनरावांनी माफीपत्र पुढे सरकवलं. दौत अमरावतीला कपाटात होती, किल्ली माझ्या कमरेला, पण त्यांच्याकडे पेन होतं. पेनही पुढे केलं. ह्यांनी ते घेतलं.

ह्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बाहेर आहे हे माहीत असून पाहिलं नाही.

मी आत गेले. पुरुषांच्या सभेत असं जायचं नसतं, ते मला कळत होतं. "पाणी मी घातलं होतं," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही कोण?"

"ह्यांची बायको. गेल्या वर्षी आदल्या दिवशी काच उचलून मी आत कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, तीर्थ घातलं. पाणी शिरलं की त्याची बॅटरी होते. ती मी केली. ह्यांनी नाही."

हेडमास्तर मोठ्याने हसले. "म्हणजे शास्त्राची पूजा झाली म्हणायची!" किसनराव हसले नाहीत. ह्यांना म्हणाले, "तुमाले ठाव होतं?"

"नंतर कळलं."

"मग वर्षभर बोलले काहून नाही?"

"घरातली गोष्ट होती," हे म्हणाले.

मग किसनराव म्हणाले, "बाई, लिहिता येते?"

"मॅट्रिक आहे मी."

कोरा कागद दिला. ह्यांच्या हातातलं पेन मी घेतलं. हे सोडेनात, जरा ओढावंच लागलं. उभ्यानेच लिहिलं. तारीख, काय घातलं, कसं घातलं, ह्यांना न विचारता घातलं. या वर्षीच्या बेलाच्या पानाचंही लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं, पण अर्धं सांगून कसं चालेल? खाली पूर्ण नाव घालून सही केली.

किसनरावांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, सहीचा आणि बिनसहीचा, आणि फाईलला लावले. फाडलं काहीच नाही. "समिती बसेल. निकाल पोस्टानं कळवू."

रस्त्यात हे पुढे, मी मागे. वळणावर थांबले.

"एक चूक केलीस लिहिताना."

मी विचारलं, "कोणती?"

"फूल लिहिलंस. फूल नव्हतं. पाकळी होती, जास्वंदीची. एकच. मी भिंगाने पाहिली होती."

"मग परत जाऊन दुरुस्त करू?" मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच, भर रस्त्यात, भिंतीला हात टेकून हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. तरी हे थांबेनात. मग मी ह्यांच्या बरोबरीनेच चालायला लागले.

आता दादाकडे पानं मांडत आहेत, म्हणून पुरे करते. निकाल यायचा आहे. तो ह्यांच्या नावाने येणार की माझ्या, हे विचारायचं राहून गेलं.